टाचेवरचा ठिपका

१६ जानेवारी २०२४

शुक्रीच्या बापाला,

हे पत्र मी टाकणार नाही. टाकायचं ते काल खलाशांची पत्रं पोचवणाऱ्या संस्थेच्या माणसाकडे दिलं. त्यात भात बरं झालं, शेळी व्याली, तुझ्या आईचा गुडघा दुखतो, असलं सगळं आहे. ते आधी आपल्याकडचे साहेब वाचणार, मग पलीकडचे साहेब वाचणार, आणि मग तुरुंगात तुक्या तुला ते सगळ्या खलाशांच्या देखत मोठ्याने वाचून दाखवणार. तुक्याला मी आश्रमशाळेपासून ओळखते. धडा वाचताना मधेच स्वतःचं घुसडायची त्याला खोड. आणि तो बायकोला पत्रं लिहितो. त्याच्या तोंडी आपल्या घरातली ही गोष्ट पडली तर तुम्ही सुटायच्या आधी ती पाड्यावर येऊन पोचेल. तुला वाचता येत नाही याचा मला एवढा राग याआधी कधी आला नव्हता.

म्हणून खरं ते इथे लिहिते आणि नाचणीच्या डब्यात, माझ्या गोळ्यांच्या बाटलीखाली ठेवते. त्या गोळ्यांना तू कधी नावाने हाक मारली नाहीस. 'ते तुझं' म्हणायचास. मीही शेजारणींना 'रक्त वाढायची गोळी' सांगते. एचआयव्ही. बघ, लिहिलं. कागद फाटला नाही.

तुमची मासेमारीची बोट समुद्रातल्या सरहद्दीच्या रेषेपलीकडे धरली गेली हे तुक्याची बायको सांगत आली. ती ओट्यावर बसून रडली. मी तिला पाणी दिलं आणि म्हटलं, जिवंत आहेत ना, मग रडतेस कशाला. तुझी आई माझ्याकडे बघतच राहिली. तिला वाटलं ही दगडाची आहे. मला रडू येत नव्हतं कारण माझा तुझ्यावरचा राग अजून संपला नव्हता, आणि राग असताना रडणं म्हणजे हार मानल्यासारखं वाटतं.

तू गेलास तो दिवस मी रोज उगाळते. तू तलासरीच्या बाजाराला निघाला होतास. मी भातातलं तण काढत बेणणीला वाकले होते. तूच म्हणालास, पोरीचं कार्ड दे, दवाखान्यातून तिचा रिपोर्ट आणतो. मला केवढं बरं वाटलं. रक्त तपासायच्या त्या खोलीच्या दारात पाऊल टाकायचं नाही म्हणून इतके दिवस भांडलेला माणूस आपणहून चालला होता. परत आलास तेव्हा बाजाराची पिशवी रिकामी होती. कागद चुलीपुढे टाकलास आणि म्हणालास, "हिच्यात पण निघाला. तू पोरं काढतेस ती पुरायलाच." पोर माझ्या मांडीवर होती. तिच्याकडे बघितलंही नाहीस. कपडे भरलेस आणि हायवेवर जाऊन गुजरातची बस धरलीस. बोटीवर माणसं न्यायला मुकादम दोन दिवसांनी येणार होता, तेवढाही थांबला नाहीस.

आता ऐक. तो कागद हिचा नव्हता. तो पहिलीचा होता, गेलेल्या पोरीचा.

हे तुला सांगायला मी किती फोन केले. आधी तू उचलला नाहीस, मग नंबरच बंद झाला. मग समुद्र, आणि मग ही रेषा. तू तिथे बसून मरत चाललेल्या पोरीचा विचार करत असशील. आणि पोर इथे माझ्या वेणीला लोंबकळते आहे.

नवशी


२ मार्च २०२४

शुक्रीच्या बापाला,

चूक कशी झाली ते लिहिते. दवाखान्याला शिव्या घालू नकोस. चूक आपल्या घरातून गेली.

पहिली शुक्री आठव. जन्मली तेव्हा पावसाळा होता आणि मी घरीच बाळंत झाले. आधी कुणी माझं रक्त तपासलं नव्हतं, मीही गेले नव्हते. ती वाढलीच नाही. तोंड आलेलं, जुलाब थांबायचे नाहीत, कातडी हातापायावर सैल. दवाखान्यात नेलं तेव्हा आधी माझं रक्त घेतलं आणि त्याच दुपारी मला आत बोलावून सांगितलं. मग तिची टाच टोचली. जाड पुठ्ठ्याच्या कार्डावर रक्ताचे ठिपके घेतले आणि सावलीत सुकत ठेवले. मी धाकट्या डहाणूला बोंबील सुकवायला जात होते ना, मला वाटलं आता हे उन्हात का नाही ठेवत. तेवढाच विचार डोक्यात आला. माणसाला अशा वेळी काहीही सुचतं.

ठिपक्यांचं कार्ड तपासायला मुंबईला गेलं. त्याचा रिपोर्ट यायच्या आत शुक्री गेली. मग मेलेल्या पोरीचा कागद आणायला कोण जातं. तो तिथेच तिच्या नावाच्या पाकिटात पडून राहिला.

तू तिला ओहोळाच्या काठी मोहाच्या झाडाखाली ठेवलंस. मातीत ठेवायच्या आधी तुझ्या आईने चुलीतली राख घेऊन तिच्या टाचेला लावली, टोचल्याची खूण होती तिथेच. म्हणाली, "खूण करून ठेवली. आता कुठं पण जा, परत आली का आमी वळखू." मी तेव्हा तिचा हात धरून ठेवला होता. मला ते खरं हवं होतं.

आणि दुसरी आली. ही दवाखान्यात झाली, मी दिवस राहिल्यापासून गोळ्या चुकवल्या नव्हत्या, आणि जन्मल्या दिवसापासून हिला ते औषध थेंबाथेंबाने पाजत होते. पण ही रडायची किती. घरी आणल्यावर थांबेचना. तुझ्या आईने सुपात तांदूळ घेतले आणि घरातल्या गेलेल्यांची नावं एकेक करून घेतली. आजीचं घेतलं, आत्याचं घेतलं, पोर रडतेच आहे. 'शुक्री' म्हटलं आणि पोर गप्प झाली. मग तुझ्या आईने तिचा पाय वर केला आणि टाच बघितली. तिथे तांबूस ठिपका. जन्माचाच. तूही बघितलास. तुझ्या डोळ्यांत पाणी आलेलं मी त्याच दिवशी पहिल्यांदा पाहिलं. तुझी आई पाडाभर सांगत फिरली, बुधीबाईची नात परत आली.

मग सव्वा महिना झाला आणि तपासणीला न्यायची वेळ आली. तुझ्या आईने पेटीतून पहिलीचं दवाखान्याचं जुनं कार्ड काढून माझ्या हातात दिलं. "तीच हाय, मग कार्ड दुसरं कशाला?" मला त्यात काही वावगं वाटलं नाही. मी नववी शिकलेली, आश्रमशाळेत फळ्यावर सुविचार लिहायचे, पण खरंच वाटलं नाही. भारती मॅडम तिथे नव्या आल्या होत्या. समोर बायकांची गर्दी. त्यांनी कार्डावर बघितलं, शुक्री, आई नवशी, सगळं जुळत होतं. म्हणाल्या, "कार्ड सांभाळून ठेवलंस, शाबास." हिच्या टाचेचे ठिपके त्याच नावाखाली गेले. आणि तू ते कार्ड घेऊन खिडकीवर गेलास तेव्हा तिथे बसलेल्या माणसाने त्या नावाच्या पाकिटात जो कागद होता तो तुला वाचून सांगितला आणि दिला. हिचा अजून आलाच नव्हता.

तू गेल्यावर मी तो कागद घेऊन भारती मॅडमकडे गेले. मला फक्त विचारायचं होतं की आता औषध कुठलं. त्यांनी कागद बघितला, मग पोरीकडे बघितलं, मग पुन्हा कागदाकडे. म्हणाल्या, "नवशी, यावरची तारीख बघ. ही पोरगी तेव्हा तुझ्या पोटात तरी होती का?"

मी म्हटलं, "मॅडम, ती तीच आहे. परत आलीय."

त्या हसल्या नाहीत. त्यांनी खुर्ची माझ्याजवळ ओढली आणि म्हणाल्या, "असेल. पण हिचं रक्त हिचं आहे."

मग त्यांनी नवं कार्ड केलं आणि टाच पुन्हा टोचली. निघताना म्हणाल्या, "आणि समज, हिच्यात निघालाच, तरी एवढ्या लवकर कळलं तर औषधाने पोर जगतं. शाळेत जातं. बापाला हेही सांग." तू ते ऐकायला थांबला असतास तर. तेवढ्यासाठी मी तुला अजून माफ केलेलं नाही.

दिवाळीनंतर हिचे कागद आले. काही नाही निघालं. सहा महिन्यांची झाल्यावर पुन्हा घेतलं, तेव्हाही नाही.

नवशी


९ मे २०२४

शुक्रीच्या बापाला,

आता जे लिहिते ते भारती मॅडमलाही सांगितलेलं नाही.

कागद चांगला आला तर माणसाने हलकं व्हायला हवं. मी झाले नाही. उलट त्या दिवसापासून घरात दोघी आहेत असं वाटायला लागलं.

आधी एकच होती ना. गेली होती, परत आली होती. तुझी आई गाणी म्हणत होती, मी अंगावर पाजत होते, रडायचं काही कारण नव्हतं. मोहाकडे मी गेलेच नाही. ज्या घरातून कुणी गेलेलंच नाही त्या घरात शोक कसला. आणि मग एका तारखेने ती घरातून गेली. ही वेगळी, ती वेगळी. म्हणजे ती मोहाखालीच आहे. इतका काळ तिथेच होती, आणि आपण तिचं नाव दुसरीला देऊन मोकळे झालो.

दुपारी झोळीची दोरी ओढते तर ती मला एका पोरीपेक्षा जड वाटते. मी उठून आत बघते. ही एकटीच असते, मूठ तोंडात घालून झोपलेली. कधी माझ्या कडेवरून ही दाराकडे बघून खिदळते, हात पुढे करते, कुणी घ्यायला आल्यासारखे. दारात शेळीसुद्धा नसते. तुझी आई म्हणते, "हसू दे, जुनं आठवतं तिला." ती हिला न्हाऊ घालताना म्हणते, "आता नको जाऊ हां परत." मला एक दिवस असह्य झालं. मी ओरडले, हिला ते नाव घेऊन हाक मारू नका. म्हातारीने तांब्या खाली ठेवला आणि विचारलं, "मग काय म्हणू?"

पहिली ज्या वयाची होऊन गेली ते वय जवळ यायला लागलं तेव्हा मी झोपच सोडली होती. हिच्या नाकाशी बोट धरून बसायचे. तोंड उघडून आत बघायचे, पांढरं दिसतं का. जुलाब झाला की दुपटं उजेडात नेऊन बघायचे. ते वय आलं आणि गेलं. ही पालथी पडली, सरकली, बसली, तिने तुझ्या आईच्या पिशवीतली तंबाखूची डबी पळवली. यातलं मला काहीच माहीत नव्हतं. पहिलीने मला एवढं पुढचं दाखवलंच नव्हतं.

काल मी मोहाकडे गेले. तिचा तो कागद बरोबर घेतला. तिथे आता करवंदीची जाळी वाढली आहे, जागा नीट सापडली पण नाही. मी खाली बसले आणि तिला म्हटलं, तुझा कागद आला ग बाय. उशीर झाला. मग रडले. एवढी रडले की पलीकडच्या वाडीत चिकू तोडणाऱ्या बायका कामं टाकून आल्या. त्यांना वाटलं तुझी काही खबर आली. मी 'हो' म्हटलं. दुसरं काय सांगणार. आता पाड्यावर अर्ध्या लोकांना वाटतंय की तू आजारी आहेस.

आहेस का? तू स्वतःचं रक्त कधी दिलंच नाहीस. 'मला काय झालंय, बैलासारखा आहे' म्हणायचास. दंड दाखवायचास. मला त्या दंडाची भीती वाटते आता. तिथे तुला ताप येत असेल, खोकला येत असेल, आणि तू गप्प पडून राहत असशील. पोर मेली, आता आपण कशाला, असं म्हणून. तुला मी ओळखते. भांडताना तू बैल असतोस, दुःखात मात्र तू बसतोस आणि मग उठत नाहीस.

हे सगळं तुला कळवायचं आणि तुक्याला कळू द्यायचं नाही. टाकलेल्या पत्रात मी लिहिलं होतं, 'पोर मजेत आहे.' पण मला माहीत आहे, तू ते खरं मानणार नाहीस. तुरुंगातल्या माणसाला घरचे कुणी वाईट लिहीतच नाहीत.

नवशी


२१ ऑक्टोबर २०२४

तुझं पत्र आलं. तुक्याच्या हातचं, होळीच्या सुमाराला लिहिलेलं. इतके महिने कुठे फिरत होतं कोण जाणे. घडीवर घडी पडून मऊ झालं आहे.

वर सगळ्यांना रामराम आहे. मग शेतीचं विचारलं आहेस. मग शेवटी, जिथे तुक्याचं अक्षर जरा लहान होतं, तिथे तू सांगितलंस ते लिहिलं आहे:

"नवशीला सांगणे की शुक्रीला पहिल्या जागीच ठेवली असशील. आईला सांगणे की टाचेला राख लावायला विसरली नसेल. मी नव्हतो. ते बोललो ते बोलायचं नव्हतं. माझी तब्येत ठीक नाही पण माझी काळजी करू नये. आता कशाला करायची."

तुझ्या आईने विचारलं, काय लिहिलंय. मी सगळं वाचलं. शुक्रीचं वाचलं नाही. ती म्हणाली, पुन्हा वाच. मी पुन्हा तेवढंच वाचलं. मला वाचता येतं याचा मला आज राग आला.

ही माझ्यासमोर भिंत धरून उभी होती. ओट्याच्या कडेपर्यंत गेली, भिंत संपली, तशी वळून माझ्याकडे बघायला लागली. आणि तू तिला मातीत ठेवून बसला आहेस. केव्हापासून. मी तुझ्यावर एवढी रागावलेली होते, आणि तू तिकडे रोज उठून तिला पुरत होतास.

राग गेला रे. कधी गेला ते कळलं नाही. पत्र चुलीच्या उजेडाला धरून मी 'ते बोलायचं नव्हतं' एवढंच परत परत वाचत बसले.

माझी शेवटची तपासणी राहिली आहे, म्हणजे हिची. दीड वर्षाची झाल्यावर. भारती मॅडम म्हणतात, आईचं जे पोराच्या रक्तात उतरलेलं असतं ते तोवर निघून जातं, मग जे दिसतं ते पोराचं स्वतःचं. अंगावरचं दूध मी तोडलं आहे. ही रडली, मीही रडले, तुझी आई आम्हा दोघींवर ओरडली. ती तपासणी झाल्याशिवाय तुला काही कळवणार नाही. अर्धवट बातमीने एकदा काय झालं ते बघितलं.

न


५ डिसेंबर २०२४

दोघींच्या बापाला,

काल गेलो होतो. तुझी आईपण आली. तिचा गुडघा दुखतो, तरी बसमध्ये दांड्याला धरून उभी राहिली, पोर मात्र माझ्याकडे देईना. दवाखान्यात भारती मॅडम म्हणाल्या, "बुधीबाई, आज टाच नाय, बोट." म्हातारीने पोरीचं बोट स्वतः पुढे धरलं. ही किंचाळली आणि मॅडमच्या ओढणीला रक्त पुसलं.

आम्ही बाहेर बाकावर बसलो. तुझी आई एकदम म्हणाली, "ती दुसरीच हाय ना ग?"

मी म्हटलं, "कोण?"

"ही. मला कवाचं कळलंय. ती अशी नव्हती. ती गरीब होती." आणि मग, "मी आपली म्हणत राहिले. तुला बरं वाटत होतं."

मला आजवर वाटत होतं की मी तिच्यासाठी मानते आहे.

मॅडमने दारातूनच मान हलवली. काही नाही. आता पुन्हा तपासायचंही नाही. नवीन कार्ड बंद करताना त्यांनी विचारलं, "नावाच्या जागी अजून 'नवशीची मुलगी' एवढंच आहे. काय लिहू?" तुझी आई माझ्याकडे बघायला लागली. मी म्हटलं, राहू दे. तिच्या बापाला ठेवायचं आहे.

घरी आल्यावर मी गेरू कालवला. तुला कसं सांगायचं ते मला बाकावरच सुचलं होतं. पुढचं पत्र टाकायचं आहे, त्याची नक्कल इथे ठेवते.


५ डिसेंबर २०२४

रामराम. घरी सगळे खुशाल.

तुक्याभाऊ, हे एवढंच वाचायचं, आणि मग कागद त्यांच्या हातात द्यायचा. त्यांनी तो स्वतः बघायचा आहे.

अहो, तुम्ही होळीला लिहिलेलं पत्र दिवाळीच्या तोंडावर पोचलं. तुम्ही म्हणता तशी राख कुणाला लावलेली नाही. लावायची वेळ आलेली नाही. आता येणारही नाही, कालच मोठ्या दवाखान्यातून विचारून आलो. तिकडे डॉक्टर असेल त्याला तुमचं रक्त दाखवा. ताप, खोकला, वजन, सगळं सांगा, लाजू नका. इथे जे औषध लागतं ते तिथेही मिळतं असं मॅडमनी सांगितलं आहे, आणि ते घेऊन माणूस म्हातारा होतो. मी पाहते आहे.

खाली गेरूचा ठसा आहे तो पायाचा. पहिलीने कधी पाय जमिनीला टेकवला नव्हता, तुम्हाला आठवत असेल. ही उभी राहून टेकवते. कागद अंगणात ठेवला आणि ही स्वतः त्यावर चढली. बोटं मोजा. टाच बघा, ठिपका कुठे असायचा ते तुम्हाला माहीत आहे. तिचं नाव ठेवायचं राहिलं आहे. गेलेल्यांपैकी कुणाचं नको, नवंच हवं. ते तुम्ही येऊन ठेवायचं आहे, तोवर आम्ही तिला नुसतं 'पोरी' म्हणतो आणि ती ओ देते.

ठसा एका बाजूला फरफटला आहे, ती माझी चूक नाही. मी तिला दोन्ही हातांनी धरलं होतं, पण ती ठरेना, सुटून पळाली. गेरूची पावलं अजून ओट्यापर्यंत आहेत. तुमच्या आईने ती पुसू दिली नाहीत.